सार्वजनिक समुपदेशन सेवा, मुंबई

चिंता आणि नैराश्य यांनी त्रासलेल्या प्रौढांना महापालिकेच्या किंवा सरकारच्या खर्चाने मिळणारे, बोलण्यातून होणारे उपचार. ठरलेल्या वेळी प्रशिक्षित व्यक्तीसमोर बसायचे, विचार, भावना आणि रोजचे वागणे यांचा गुंता सोडवायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी गोष्ट करून पाहायची, असे त्यांचे स्वरूप असते. गोळ्यांसोबत किंवा गोळ्यांशिवायही ते चालतात. घरातल्या माणसांनी दिलेला धीर मोलाचा असतो, पण तो म्हणजे हा उपचार नव्हे.

मुंबईत या सेवेचा मुख्य आधार म्हणजे परळचे केईएम, सायन, नायर आणि कूपर ही महापालिकेची रुग्णालये आणि राज्य सरकारचे जे. जे. रुग्णालय यांतील मनोविकार विभाग. 1901 पासून असलेले ठाण्याचे मनोरुग्णालय प्रामुख्याने गंभीर आजारांसाठी ओळखले जाते. रुग्ण मात्र ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत क्वचितच येतो. ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड झालंय’, ‘झोप नाही, कशात मन लागत नाही’, फार तर ‘टेन्शन आहे’, ही त्याची भाषा. तो आधी मेडिसिनच्या ओपीडीत जातो, ईसीजी काढतो, रक्त तपासतो. सगळे नॉर्मल आले की केसपेपरवर मनोविकार विभागाचे नाव लिहून मिळते. तो कागद हातात घेऊन ‘म्हणजे मी वेडा आहे का?’ असे विचारणारी माणसे आजही कमी नाहीत. त्या एका प्रश्नाला शांतपणे उत्तर देण्यापासूनच समुपदेशन सुरू होते.

प्रत्यक्षात काय घडते ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका कारकुनाला वरिष्ठांनी सकाळी हाक मारली नाही. वहीत तो तीन रकाने आखतो. प्रसंग: साहेब बोलले नाहीत. विचार: मला काढून टाकणार. परिणाम: हातपाय गार, जेवण गेले नाही. पुढच्या भेटीत तो आणि समुपदेशक मिळून मधला रकाना तपासतात. याला पुरावा काय, दुसरे कारण असू शकते का, आणि खरेच तसे झाले तर पुढे काय? ही बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीची रीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती तिच्याच घरातली. ती मराठीत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. या पद्धतीच्या मते माणसाला आजारी करतो तो त्याचा हट्ट, आणि हा हट्ट मराठीत एका ‘च’मध्ये मावतो: ‘मला यश मिळालंच पाहिजे’, ‘लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे’. तो ‘च’ सैल करायला स्वतःच्या भाषेत बोलणारा माणूस लागतो. म्हणूनच ही सेवा मराठीत, आणि ज्याची जी भाषा त्या भाषेत, मिळणे हा सोयीचा नव्हे तर उपचाराच्या दर्जाचा प्रश्न आहे.

इथली खरी टंचाई वेळेची आहे. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. तेवढ्यात गोळी लिहून होते, माणूस ऐकून होत नाही. इंग्लंडने 2008 पासून बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिथे प्रौढ व्यक्ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवू शकते, आणि त्रास किती उतरला हे प्रत्येक भेटीत प्रश्नावलीने मोजले जाते. 75 टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत, असे तिथले उद्दिष्ट आहे. मुंबईत अशी एकसंध यंत्रणा नाही.

तज्ज्ञ कमी असले तरी मार्ग निघू शकतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवले. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी घेतल्या. टाळलेली छोटी कामे पुन्हा सुरू करणे, हा त्या भेटींचा गाभा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन महिन्यांनंतर 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. मुंबईने हे धडे आपल्या दवाखान्यांत आणायला हवेत.

मुंबईतही एक पायवाट पडलेली आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी महापालिका आणि आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ते कौटुंबिक हिंसेत सापडलेल्या स्त्रियांसाठी आहे, नैराश्यासाठी म्हणून नव्हे. पण सार्वजनिक रुग्णालयात दार लावून निवांत बोलता येईल अशी खोली असू शकते, हे त्याने सिद्ध केले. पुढे ही केंद्रे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही निघाली.

कायद्याचा आधार भक्कम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार सरकारने चालवलेली किंवा सरकारी पैशाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर व्यक्तींना ती मोफत मिळायला हवी. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे. मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

फोनमुळे एक मोठी अडचण सुटली. ओपीडी सकाळची, त्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक भेटीमागे खाडा होतो. सहा भेटी म्हणजे सहा खाडे. पण दहा बाय दहाच्या खोलीत, सासू, मुले आणि टीव्ही यांच्यामध्ये, ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य फोनवर तरी कुठे उच्चारायचे? म्हणून माणसे गच्चीवर जातात, जिन्यात बसतात, नाहीतर प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर, गाडी गेल्यानंतरच्या दोन मिनिटांच्या शांततेत बोलून घेतात.