दहा तारा, दहा मिनिटं

छातीत दुखतंय म्हणून माणूस कॅज्युअल्टीच्या दारातून आत आला की पहिल्या १० मिनिटांत त्याचा ईसीजी निघायला हवा आणि डॉक्टरांनी तो पाहिलेला असायला हवा, हा आता जगभर पाळला जाणारा नियम आहे. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात किंवा अँजिओप्लास्टी दीड तासात व्हावी, असं उद्दिष्ट असतं. ही दोन्ही घड्याळं कागदाचा तो तुकडा हातात येईपर्यंत थांबून राहत नाहीत. मोठ्या रुग्णालयात ईसीजी तंत्रज्ञ हे काम करतो. ग्रामीण रुग्णालयात रात्री सिस्टर करतात, कधी वॉर्डबॉयलाही करावं लागतं. काम करणारे हात कोणाचेही असोत, त्यांच्याकडून एक तार दोन बोटं वर लागली तर कागद अस्पष्ट येत नाही. तो स्वच्छ, ठसठशीत आणि खोटा येतो. या कामातला खरा धोका तोच आहे.

आधी प्रश्न येतो तो ईसीजी कोणाचा काढायचा हा. छातीवर हात दाबून आलेल्या माणसाबद्दल कोणाला शंका येत नाही. पण ‘पित्त झालंय’, ‘गॅस वर चढलाय’ म्हणणारा पन्नाशीचा मधुमेही, नुसता दम लागलेली आजी, दरदरून घाम फुटलेला आणि जबडा दुखतोय म्हणणारा माणूस, चक्कर येऊन पडलेली बाई, या सगळ्यांचा ईसीजी तितक्याच घाईने काढावा लागतो. विजेचा धक्का बसलेल्याचाही. आपल्याकडे पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया खाल्लेले रुग्ण येतात. त्यातलं विष हृदयाचे ठोके मंदावतं, वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विजेचा संदेश अडवतं. माणूस बोलत-चालत असतानाच ते कागदावर दिसू लागतं.

ईसीजीचं यंत्र शरीरात वीज सोडत नाही, शॉक देत नाही. ते फक्त ऐकतं. हृदयाच्या ठोक्यातून त्वचेवर उमटणारी वीज साधारण १ मिलिव्होल्टची, म्हणजे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढी. ती नीट नोंदवणारं यंत्र नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं. त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर होतं आणि रुग्ण दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. भांडी गेली, पण दोन हात आणि एक पाय यांचा तो त्रिकोण आजही प्रत्येक ईसीजीच्या मुळाशी आहे. छातीवरच्या सहा जागा १९३८ साली अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठरवल्या.

एवढा बारीक आवाज ऐकायचा तर त्वचा तयार हवी. हार्ट अटॅकच्या रुग्णाला घाम असतोच. तो गॉजने टिपून घ्यायचा. घरून निघण्यापूर्वी बहुतेकांच्या छातीला कोणीतरी बाम किंवा तेल चोळलेलं असतं. त्या थरावर इलेक्ट्रोड, म्हणजे तारेच्या टोकाचा त्वचेवर बसणारा भाग, टिकत नाही, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून वाळू द्यायची. केस दाट असतील तर रुग्णाला विचारून तेवढ्याच जागेवर रेझर फिरवायचा. कोरड्या गॉजने दोन-तीनदा हलकं घासलं की मृत त्वचेचा थर निघतो आणि कागदावरची रेघ लगेच सुधारते. मंगळसूत्र, बांगड्या, कडं काढत बसू नये. मंगळसूत्र बाजूला सरकवायचं आणि क्लिपला धातू लागत नाही एवढं पाहायचं. रबरी बल्ब वापरत असाल तर आधी बल्ब दाबायचा, मग वाटी टेकवायची आणि बल्ब सोडायचा. जेली प्रत्येक जागी वाटाण्याएवढी पुरते. घाईत बोटाने छातीवर जेलीचा एकच लांब पट्टा ओढला, तर शेजारशेजारचे इलेक्ट्रोड विजेच्या दृष्टीने एक होतात आणि छातीच्या लीड, म्हणजे तिथल्या तारांतून कागदावर उमटणाऱ्या रेघा, जवळजवळ सारख्या दिसू लागतात.

आता जागा. दहा तारांतून बारा लीड तयार होतात, म्हणजे एकाच हृदयाची बारा बाजूंनी घेतलेली चित्रं. हातापायांच्या तारांतून लीड १, २, ३, एव्हीआर, एव्हीएल आणि एव्हीएफ, छातीच्या तारांतून व्ही१ ते व्ही६. हातापायांच्या चार तारा मनगटावर आणि घोट्याच्या वर लावायच्या. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या युरोपीय रंगसंगतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. सिग्नलचे तीन रंग उजव्या हातापासून सुरू करून क्रमाने फिरवले की चुकत नाही. पण अमेरिकी रंगांची केबलही कुठे कुठे असते. तिच्यात काळी तार डाव्या हाताची, लाल डाव्या पायाची आणि हिरवी उजव्या पायाची. म्हणून नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी रंग न पाहता तारेवर छापलेली अक्षरं वाचावीत. पाय कापलेला असेल किंवा प्लास्टरमध्ये असेल तर इलेक्ट्रोड वर सरकवायचा आणि दुसऱ्या पायावरही त्याच उंचीला न्यायचा.

छातीवर मात्र नजरेचा अंदाज चालत नाही, बोटांनी मोजावंच लागतं. गळ्याच्या खळगीपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणलं की चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची फट दुसरी. तिथून खाली मोजत चौथ्या फटीत यायचं. हाडाच्या उजव्या काठाला व्ही१, डाव्या काठाला व्ही२. पुढे व्ही३ नाही, आधी व्ही४ लावायचा: डावीकडे पाचव्या फटीत, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. मग व्ही२ आणि व्ही४ यांच्या मधोमध व्ही३. व्ही५ काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेवर आणि व्ही६ काखेच्या मध्यरेषेवर, दोन्ही व्ही४च्याच आडव्या पातळीत. बरगडीचा कल पाहून व्ही५, व्ही६ वर चढवायचे नाहीत. स्तनाग्र ही खूण धरायची नाही, पुरुषांतसुद्धा. बायकांमध्ये व्ही४ ते व्ही६ स्तनाच्या खालच्या घडीत बसतात. पडदा ओढून, काय करणार ते आधी सांगून, हाताच्या मागच्या बाजूने स्तन वर उचलून इलेक्ट्रोड लावायचा. संकोचापोटी तो स्तनावरच चिकटवला तर लाटेची उंची बदलते, आणि त्याची किंमत त्या बाईला मोजावी लागते.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे व्ही१ आणि व्ही२ दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागणं. तिथून हृदय वेगळ्या कोनातून दिसतं. मग निरोगी माणसाच्या कागदावर जुन्या अटॅकसारखी खूण उमटते किंवा टी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरची बसकी लाट, उलटी दिसते, आणि एखाद्याला विनाकारण आयसीयूत मुक्काम करावा लागतो. हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर लीड १ संपूर्ण उलटी येते आणि एव्हीआर, जी एरवी खाली तोंड करून असते, ती सरळ होते. हृदय जन्मतः उजवीकडे असलेल्यांतही असंच दिसतं, पण त्यांच्यात छातीच्या लाटा व्ही६कडे लहान लहान होत जातात. तारा बदलल्या असतील तर छातीच्या लीड नेहमीसारख्याच असतात. उजवा हात आणि उजवा पाय यांच्या तारा उलट लागल्या की लीड २ जवळजवळ सपाट रेघ होते. डावा हात आणि डावा पाय यांची अदलाबदल सर्वांत फसवी. कागद जवळजवळ बरोबर वाटतो आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक लपू शकतो. म्हणून कागद फाडण्यापूर्वी लीड १ आणि एव्हीआर यांच्याकडे एक नजर टाकावी आणि हाताने तारा पुन्हा चाचपाव्यात. त्याला पाच सेकंद लागतात.

रेघ थरथरत असेल तर थरथर कुठून येते हे कागदच सांगतो. नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाला एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. त्यात बरोबर दहा सारखी टोकं बसत असतील तर तो ५० हर्ट्झचा घरगुती वीजपुरवठा आहे. रुग्णाचा हात लोखंडी कठड्याला लागलाय का, तारा चार्जरच्या वायरवर पडल्यात का, अर्थिंग आहे का, ते पाहायचं. काटेरी आणि अनियमित थरथर स्नायूंची असते. पांघरूण घाला, हात अंगाजवळ सैल सोडायला सांगा. कंपवाताच्या रुग्णात हात सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो. आणि मिनिटाला ३००, म्हणजे सेकंदाला पाच, हा वरच्या कप्प्यांच्या एका गंभीर लयबिघाडाचाही वेग आहे! अशा वेळी लीड १ आणि ३ बिघडलेल्या, पण २ स्वच्छ असेल तर दोष डाव्या हातात आहे, कारण लीड २ उजवा हात आणि डावा पाय यांच्यामधली, तिच्यात डावा हात नसतो. २ आणि ३ बिघडलेल्या आणि १ स्वच्छ असेल तर डाव्या पायात.

थरथर घालवायला फिल्टरचं बटण दाबणं हा सोपा मार्ग, आणि तो शेवटचाच असावा. फिल्टर टोकं बोथट करतो. फिल्टरची खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झवरून ०.५ वर गेली तर निदान ज्या एसटी भागावर, म्हणजे टोकदार लाट आणि टी लाट यांच्यामधल्या रेघेवर, अवलंबून असतं तोच भाग वर-खाली सरकू शकतो. बेडशेजारच्या मॉनिटरवर बहुधा असाच फिल्टर असतो, म्हणून मॉनिटरवरून अटॅक ठरवत नाहीत. दुसरी खूण कागदाच्या कडेला असते: चौकटीसारखी एक लाट, दोन मोठे चौकोन उंच. १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर, असा तिचा अर्थ. आधीच्या रुग्णाच्या लाटा मावत नव्हत्या म्हणून कोणी यंत्र अर्ध्यावर ठेवलं असेल, तर आताच्या रुग्णाचा १ मिलिमीटरचा उठाव, म्हणजे एसटी भाग वर उचलला जाणं, अर्धाच दिसेल आणि सुटेल. यंत्राने वर छापलेलं ‘नॉर्मल’ वाचून रुग्णाला बाहेर बसवायचं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये उठाव दिसला तर व्ही४ची तार काढून उजव्या छातीवर त्याच जागी लावायची. हृदयाचा उजवा खालचा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर तिथे दिसतं आणि ते कळणं फार महत्त्वाचं असतं, कारण अशा रुग्णाला जिभेखालची नायट्रेटची गोळी दिली तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. व्ही१ ते व्ही३मध्ये रेघ खाली दबलेली असेल तर अटॅक मागच्या भिंतीचा असू शकतो. मग रुग्णाला थोडं उजव्या कुशीवर वळवून व्ही४, व्ही५, व्ही६च्या तारा व्ही६च्याच पातळीत पाठीकडे न्यायच्या: काखेच्या मागच्या कडेला, खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखाली आणि कण्याच्या डाव्या बाजूला. यंत्राला यातलं काही कळत नाही. ते व्ही४ असंच छापतं. जागा बदलल्याचं पेनाने तिथल्या तिथे लिहिलं नाही तर पुढच्या डॉक्टरांच्या हाती चुकीचा कागद जातो.

नाव, वय, वेळ, आणि त्या क्षणी दुखत होतं की नव्हतं, हे कागदावर हवंच. दम लागल्यामुळे बसवून काढला असेल तर तेही. पहिला कागद ठीक आला आणि दुखणं थांबलं नाही, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात. गुठळी एका क्षणात पूर्ण बसतेच असं नाही. दोन कागदांमधला फरक खरा हवा असेल तर दुसऱ्या वेळी इलेक्ट्रोड त्याच जागी हवेत, म्हणून पहिल्याच वेळी प्रत्येक जागी मार्करने ठिपका द्यावा. ईसीजीचा कागद उष्णतेने काळा होणारा असतो. सॅनिटायझरचा हात लागला, उन्हात राहिला किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहिला तर तो पुसट होत जातो. रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवताना झेरॉक्स किंवा मोबाइलमधला सरळ, चौकोन दिसतील असा फोटो सोबत द्यावा. तिथे पुढचा ईसीजी निघाला की डॉक्टर पहिला कागद त्याच्याशेजारी ठेवून पाहतात.