ओपनस्टॅक आणि कुबरनेटीस: जेटी वेगळी, तांडेल वेगळा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत एखाद्या कॉलेजात किंवा पतसंस्थेत ‘आपलं स्वतःचं क्लाउड उभं करू’ असा विषय निघाला की दोन नावं एका दमात घेतली जातात: ओपनस्टॅक आणि कुबरनेटीस. दोन्ही फुकट, दोन्ही अपाची २.० परवान्याखाली, दोन्हींमागे एकेक प्रतिष्ठान. म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असं वाटतं. चालत नाही.

‘कुबरनेटीस’ हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. म्हणजे आपला तांडेल. तांडेल होडी हाकतो, जेटी बांधत नाही. जेटीचं काम ओपनस्टॅकचं: सर्व्हर, डिस्का आणि नेटवर्कच्या तारा यांतून मागेल त्याला आभासी यंत्र काढून द्यायचं. नोव्हा यंत्रं चालवतो, न्यूट्रॉन नेटवर्क जोडतो, सिंडर डिस्क देतो, ग्लान्स इमेज (नवं यंत्र ज्यावरून काढायचं तो साचा) सांभाळतो आणि कीस्टोन दारावर ओळख तपासतो. कुबरनेटीसला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला आयती यंत्रं द्या, त्यांवर तो कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सामान यांची बांधलेली पेटी) पसरतो आणि पडलेले पुन्हा उभे करतो.

फरक अनुभवायचा तर तीन सर्व्हरवर थेट कुबरनेटीस टाका आणि लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस, म्हणजे ॲपला बाहेरून गाठायचं दार, तयार करा. बाहेरच्या आयपीच्या रकान्यात ‘पेंडिंग’ येतं आणि तसंच राहतं. हा बिघाड नव्हे. कुबरनेटीस खालच्या क्लाउडकडे पत्ता मागतोय आणि खाली क्लाउडच नाही. मग पत्ते वाटणारं मेटलएलबी वेगळं बसवावं लागतं. खाली ओपनस्टॅक असेल आणि दोघांना जोडणारा प्रोव्हायडर बसवलेला असेल, तर ओपनस्टॅकचं ऑक्टेव्हिया पत्ता देतं आणि सिंडर डिस्क.

उलटी गफलतही होते. एखादा सर्व्हर मेला तर ओपनस्टॅक त्यावरची यंत्रं आपोआप दुसरीकडे उभी करेल, ही समजूत चुकीची. नोव्हा ते स्वतःहून करत नाही. त्यासाठी मसाकारी ही जोडसेवा बसवा किंवा हाताने इव्हॅक्युएट करा, म्हणजे यंत्रं दुसरीकडे हलवा. कुबरनेटीस मात्र नोड (त्याच्या ताब्यातलं एक यंत्र) गायब झाल्यावर साधारण ५-६ मिनिटांत त्यावरचे पॉड (कंटेनरचे गठ्ठे) दुसरीकडे सुरू करतो.

आता कारभार. ओपनस्टॅक २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलं. २०१२ मध्ये त्याचं प्रतिष्ठान झालं, २०२० मध्ये त्याचं नाव ओपनइन्फ्रा झालं. पैसा आणि ट्रेडमार्क संचालक मंडळाकडे, कोडविषयीचे निर्णय तांत्रिक समितीकडे. समिती निवडतात ते कोड, कागदपत्रं, चाचण्या असं प्रत्यक्ष योगदान देणारे. देवळातल्या मानकऱ्यांसारखा मान वारशाने येत नाही आणि काम थांबलं की मतही जातं. कुबरनेटीस गुगलमधून २०१४ मध्ये बाहेर आलं. २०१५ मध्ये १.० आवृत्तीबरोबर लिनक्स फाउंडेशनच्या छायेत सीएनसीएफ हे प्रतिष्ठान स्थापन झालं आणि प्रकल्प तिथे गेला. कुबरनेटीसची सुकाणू समिती सात जणांची, आणि एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त सदस्य तिच्यात बसू शकत नाहीत. ही अट शोभेची नाही. २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या क्लाउड-मांडणीच्या साधनाचा परवाना बदलला, तेव्हा वापरणाऱ्यांना वेगळी चूल मांडून ओपनटोफू उभं करावं लागलं. कोड उघडा होता, पण चावी एका घरात होती.

रोजचं काम दोन्हींकडे निराळं. ओपनस्टॅकमध्ये कोडातला बदल गेरिट या तपासणीच्या साइटवर जातो, साधारणपणे दोन कोअर परीक्षकांचे +२ (म्हणजे पूर्ण संमती) लागतात, आणि मग झूल हा यंत्रणेचा द्वारपाल रांगेत पुढे असलेल्या बदलांसकट चाचणी घेऊनच तो आत सोडतो. मुख्य शाखेत थेट घुसायची मुभा कोणालाच नाही. कुबरनेटीसमध्ये गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, जाते. त्या फोल्डरच्या ओनर्स फायलीत ज्यांची नावं असतात, त्यांच्यापैकी एकाने ‘एलजीटीएम’ (मला ठीक दिसतं) आणि एकाने ‘अप्रूव्ह’ म्हणावं लागतं. मोठा बदल असेल तर आधी केईपी नावाचा प्रस्ताव लिहायचा, आणि संबंधित सिगने, म्हणजे त्या विषयाच्या गटाने, तो मान्य करायचा.

इथून भाग घेणाऱ्यांसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट: ओपनस्टॅकच्या बऱ्याच बैठका आयआरसी या जुन्या चॅटवर नुसत्या मजकुरात होतात आणि त्यांच्या नोंदी राहतात. श्रावणात टॉवर रडत असला तरी तेवढं चालतं. कुबरनेटीसचे सिग व्हिडिओ कॉलवर भेटतात. रेकॉर्डिंग मिळतं, पण ते उतरवायला नेट लागतं.

या कारभाराचा तुमच्या कपाटातल्या सर्व्हरशी संबंध येतो तो अपग्रेडच्या वेळी. ओपनस्टॅकची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. चालवणाऱ्यांची तक्रार होती की वर्षातून दोनदा अपग्रेड झेपत नाही. तांत्रिक समितीने ठराव केला, आणि २०२३.१ पासून वर्षातली पहिली आवृत्ती ‘स्लर्प’ ठरली. म्हणजे २०२४.१ वरून मधली आवृत्ती ओलांडून थेट २०२५.१ वर जाता येतं. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या, प्रत्येकीला सुमारे १४ महिन्यांचा आधार, आणि कंट्रोल प्लेनला, म्हणजे क्लस्टर (जोडलेल्या यंत्रांचा गट) हाकणाऱ्या भागाला, एकही पायरी गाळता येत नाही. १.३० वरून १.३३ ला जायचं तर तीन उड्या. शिवाय क्युबॲडम या उभारणीच्या साधनाने बनवलेली, यंत्रांची एकमेकांना ओळख पटवणारी प्रमाणपत्रं एका वर्षात संपतात. अपग्रेडबरोबर ती नवी होतात. वर्षभर हात लावला नाही, तर एका सकाळी क्लस्टर तुमच्याशी बोलणंच बंद करतो.

म्हणून कोकणात दोन्हींसाठी दिवाळी ते जानेवारी हाच काळ बरा. स्लर्प आवृत्ती एप्रिलच्या आसपास येते, तोवर ती सात-आठ महिने मुरलेली असते. फेब्रुवारीनंतर आंब्याच्या ऑर्डरींची गर्दी, जूननंतर लाईटचा भरवसा नाही.

लाईट गेल्यावर तर फरक उघडाच पडतो. ओपनस्टॅकच्या पोटात सहसा मारियाडीबी डेटाबेसचा गॅलेरा क्लस्टर असतो, म्हणजे तीन नोडवर एकच माहिती. तीनही नोड एकदम पडले तर तो सहसा आपणहून उठत नाही. कारण शेवटची नोंद कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. शेवटच्या नोंदीचा क्रमांक ठेवणारी ग्रास्टेट फाईल उघडली तर तिथे बहुधा -१ दिसतो. प्रत्येक नोडवर रिकव्हर पर्याय चालवून खरा क्रमांक काढायचा, सर्वांत मोठा ज्याचा त्यालाच आधी उठवायचं आणि बाकीचे मागून जोडायचे. ओपनस्टॅक उभारायला कोला-ॲन्सिबल हे साधन वापरत असाल तर यासाठी तयार आज्ञा आहे. घाईत मागे राहिलेला नोड आधी उठवला तर शेवटचे व्यवहार गेलेच. कुबरनेटीसचं एटसीडी, म्हणजे त्याची नोंदवही, तीनपैकी दोन नोड परतले की स्वतः सावरतं, पण त्याला डिस्क चपळ हवी. जुन्या फिरत्या डिस्कवर लिहिणं रेंगाळतं, नोडांतला नेता सारखा बदलतो आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. दोन नोड कायमचे गेले तर भरवशाचा उपाय म्हणजे स्नॅपशॉट (आधी काढून ठेवलेली प्रत), आणि तो त्याच कपाटात ठेवून उपयोग नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

लाईट आल्यावर पहिल्यांदा घड्याळ पाहा. सर्व्हरच्या बोर्डावरचा सेल मेलेला असेल तर तारीख मागे जाते, कीस्टोनचे टोकन (प्रवेशाचे पास) नाकारले जातात, आणि इकडे कुबरनेटीसचं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून अडतं. घड्याळ जुळवणारी क्रोनी सुरू आहे ना, ते बाकी सेवांच्या आधी तपासा.

कोणतं घ्यायचं? विद्यार्थ्यांना वेगवेगळी यंत्रं वाटायची असतील तर ओपनस्टॅक. चाचणीपुरता ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क आणि दोन नेटवर्क पोर्ट असलेला एक सर्व्हर पुरतो. स्वतःचे चार-सहा ॲप सतत चालू ठेवायचे असतील तर कुबरनेटीस, त्याला नोडमागे २ जीबी रॅमपासून सुरुवात करता येते. पतसंस्थेचा एकच हिशेबाचा प्रोग्राम असेल, तर दोन्ही नकोत. एक चांगला सर्व्हर, आपोआप बंद करणारा यूपीएस, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या गावात.