बोरगड ते अंजनेरी : नाशिकच्या संवर्धन राखीव डोंगरांची पार्श्वभूमी

नाशिकच्या उत्तरेला, रामशेजच्या शेजारी उभ्या असलेल्या बोरगडाला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा, म्हणजे सरकारी जमिनीवरच्या, अभयारण्याहून सौम्य निर्बंधांच्या संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र, आणि तेही जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे. पुढे २०१४ मध्ये येवला तालुक्यातले काळविटांचे ममदापूर (सुमारे ५४ चौरस किलोमीटर) आणि २०१७ मध्ये त्र्यंबकच्या वाटेवरचे अंजनेरी (साडेपाच चौरस किलोमीटरहून थोडे अधिक) यांना तोच दर्जा मिळाला. शाळांच्या निसर्गसहली, पक्षिनिरीक्षण, पावसाळ्यातल्या रानफुलांच्या फेऱ्या, वणव्याआधीचे श्रमदान, बीजगोळे टाकण्याच्या मोहिमा असे नाशिककरांचे बरेच उपक्रम आज या तीन ठिकाणी आणि त्यांच्या आसपास चालतात. तिथे मोकळेपणाने जाता येते आणि तरी जंगल टिकून आहे. या दोन्ही गोष्टी आपोआप घडलेल्या नाहीत.

फार मागे जाण्याची गरज नाही. डोंगर आणि माणूस यांचे नाते इथे जुनेच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या देवराया आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी त्याची साक्ष देतात. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने ते नाते तोडले. जंगल सरकारचे झाले आणि त्यात राहणारा माणूस परवानगी मागणारा झाला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात बागलाणातले चणकापूर पेटले त्यामागे हाच राग होता. स्वातंत्र्यानंतरही कायद्याची चौकट बदलली नाही. इंधन, इमारती लाकूड आणि चराई यांनी शहराभोवतीचे डोंगर उघडे पडत गेले. सामाजिक वनीकरणाच्या काळात उघड्या उतारांवर गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी लावली गेली. डोंगर लांबून हिरवे दिसू लागले, पण त्या हिरवाईत पक्ष्यांना खायला फारसे काही नव्हते. शहरालगतच्या टेकड्यांवर देशी झाडांचा आग्रह धरून अलीकडे जी लागवड होते, ती मुख्यतः याच अनुभवातून आली. २०१५ च्या पर्यावरणदिनी सातपूरजवळच्या डोंगरावर नाशिककरांनी हजारो देशी रोपे लावली, तीही याच समजुतीतून.

ऐंशीच्या दशकात संरक्षण म्हणजे अभयारण्य किंवा त्याहून कडक असे राष्ट्रीय उद्यान, एवढेच पर्याय होते. नांदूर मधमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ ते १९१३ दरम्यान बंधारा बांधला गेला. त्यात गाळ साचत गेला, बेटे तयार झाली आणि पाणपक्ष्यांनी ती जागा आपली केली. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे कौतुक निफाडकरांना तोंडपाठ आहे. राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जानेवारी २०२० मध्ये त्याचे नाव जाहीर झाले. चापडगावची मुले दुर्बीण घेऊन पाहुण्यांना चमचे, करकोचे, चक्रवाक दाखवतात आणि त्यातून त्यांना चार पैसे मिळतात. हे चित्र मनापासून आवडावे असेच आहे. पण अधिसूचित सीमा पाण्याच्या काठावर थांबत नाही. शंभरेक चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत शेतीही येते आणि गावेही येतात. ऊस, द्राक्ष, कांदा पिकवणाऱ्या माणसाला ‘अभयारण्य’ म्हटल्यावर आधी आठवतात ते निर्बंध.

ही धास्ती एकट्या निफाडची नव्हती. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर भागात माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले होते. त्यात तालुक्यांची गावे, बाजारपेठा, खासगी शेते सगळेच आले. ते क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर येईपर्यंत तीन दशके गेली, आणि तेवढ्या काळात माळढोकाविषयी लोकांच्या मनात जे साचले ते पक्ष्याच्या फायद्याचे नव्हते. नव्वदच्या दशकात गावात जाऊन ‘तुमचा डोंगर राखू या’ म्हणणाऱ्या कोणालाही आधी या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे : म्हणजे अभयारण्य करणार का?

बोरगडाच्या पायथ्याच्या तुंगलदऱ्यासारख्या आदिवासी वस्त्यांपुढे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९९० मध्ये केंद्राने आणि १९९२ मध्ये राज्याने संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण आणले. गावाने समिती करायची, जंगल राखायचे आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, असा तो मामला. आदर्श गाव योजनेमुळे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द तेव्हा सगळ्यांच्या ओळखीचे होते. शहरातल्या पक्षिमित्रांची एक संस्था, वन विभाग आणि गावकरी अशा तिघांनी मिळून बोरगडावर काम सुरू केले. रोपे लावली, लावलेली राखली, आणि मुख्य म्हणजे तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना पुन्हा फुटू दिले. साग, ऐन, पळस यांची मुळे जमिनीत जिवंत असतात. गुरे आणि कुऱ्हाड काही वर्षे लांब राहिली तर ती स्वतः वर येतात.

याची किंमत कोणी दिली हेही सांगायला हवे. चराईबंदी ठराविक घरांवर पडते, ज्यांच्याकडे शेळ्या आहेत आणि जमीन नाही त्यांच्यावर. कुऱ्हाडबंदी बायांच्या डोक्यावरच्या मोळीवर पडते. उन्हाळ्यात राब (पेरणीआधी वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा) भाजताना उडालेली ठिणगी डोंगरावर गेली की वणवा विझवायला हातात डहाळी घेऊन धावतात ते पाड्यावरचे लोक. शहरातून मदत पोचेपर्यंत आग कड्यावर गेलेली असते. दर हिवाळ्याच्या शेवटी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायच्या असतात. संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगल्या समित्यांना पुरस्कार मिळू लागले हे योग्यच झाले, पण रोजची राखण पुरस्काराच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

या सगळ्या कहाणीतला निर्णायक टप्पा म्हणजे २००२ ची वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती. तिचा तपशील थोडा किचकट आहे, पण आजच्या बहुतेक वादांची गाठ तिथेच आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य या जुन्या दोन प्रकारांत तिने दोन नव्यांची भर घातली : संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव. पहिला प्रकार सरकारी मालकीच्या जमिनीसाठी आहे, आणि तो जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. दुसरा खासगी किंवा गावाच्या सामूहिक जमिनीसाठी. लोकांनी स्वतः पुढे यावे अशी त्याची अट आहे.

दोन्हीकडे व्यवस्थापन समिती असते. खरा फरक समितीच्या अधिकारात आहे. सामुदायिक राखीव क्षेत्रात समितीवर किमान पाच प्रतिनिधी ग्रामपंचायतीने नेमलेले असतात आणि एक वन खात्याचा. क्षेत्र राखण्याची आणि चालवण्याची जबाबदारी त्या समितीचीच. संवर्धन राखीव क्षेत्रात हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक असे सदस्य असतात आणि वन खात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव असतो. ही समिती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देते. निर्णय तिच्या हातात नाहीत. जिथे हद्दीत एकच ग्रामपंचायत आहे तिथे गावाचा आवाज एक आणि संस्थांचे तीन, असा हिशेब होतो. मला हे प्रमाण कधीच पटलेले नाही.

बोरगडची जमीन वन खात्याची. त्यामुळे सामुदायिक राखीवचा रस्ता कायद्यानेच बंद होता आणि संवर्धन राखीव हा एकच पर्याय उरला, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. २००६ चा वनहक्क कायदा २००८ च्या सुरुवातीला नियमांसह लागू झाला होता. बोरगडला दर्जा मिळाला त्याच वर्षी, आदिवासी गावाने परंपरेने राखलेल्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा करून त्याचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे घ्यायची कायदेशीर सोय अस्तित्वात आली होती. दोन दारे एकाच वेळी उघडली आणि आपण त्यातल्या एकातून गेलो. दुसऱ्याचा तेव्हा पुरेसा विचार व्हायला हवा होता.

तरीही निवडलेला मार्ग चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. गिधाडे झपाट्याने संपत होती. डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक. ते दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरत. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली तोवर देशातली बहुतेक गिधाडे गेलेली होती. कड्यांना आणि जुन्या झाडांना ताबडतोब कायद्याचे कवच हवे होते, आणि वनहक्काच्या दाव्यांना किती वर्षे लागतात ते पेठ-सुरगाण्याने पाहिले आहे. शिवाय या दर्जामध्ये एक मोठी सोय आहे, ज्याच्यामुळे आजचे सगळे उपक्रम शक्य झाले. अभयारण्यात शिरण्यासाठी परवाना लागतो. प्रवेशबंदीचे ते कलम संवर्धन राखीव क्षेत्राला लागू केलेले नाही. आग लावण्यास मनाई आहे, विषारी वा घातक पदार्थ वापरण्यास मनाई आहे, गुन्हा दिसला तर कळवण्याचे आणि वणवा विझवायला मदत करण्याचे कर्तव्य आहे. चालत जाण्याला, बघण्याला, मुलांना घेऊन जाण्याला मनाई नाही. बोरगडच्या माथ्यावर हवाई दलाचे केंद्र असल्यामुळे तिथले निर्बंध वेगळे. त्यांचा या दर्जाशी संबंध नाही.

गिधाडांसाठी हरसूलजवळच्या खोरीपाड्याने जे केले ते याच काळातले. तिथे संयुक्त वन व्यवस्थापन समितीने गिधाडांसाठी खाद्यस्थळ चालवले. आसपासच्या पाड्यांतले मेलेले जनावर उघड्यावर किंवा ओढ्यात न टाकता तिथे आणायचे, ते औषधांपासून सुरक्षित आहे ना याची खात्री करायची, मगच ठेवायचे. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची अशी दोन्ही गिधाडे तिथे उतरली. खोरीपाडा संवर्धन राखीव नाही, अभयारण्यही नाही. गावाने ठरवले तर दर्जाशिवायही केवढे होते, याचे याहून चांगले उदाहरण जिल्ह्यात मला ठाऊक नाही.

ममदापूरची गोष्ट निराळी आहे. तिथे डोंगर नाही, कडा नाही. येवल्याचा कोरडा माळ आणि त्यावर काळविटांचे कळप. उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावे म्हणून पाणवठे भरले जातात. पावसाळ्यात तेच कळप बाजरी-मक्यात शिरतात आणि नुकसान सोसतो तो शेतकरी. शिकार न होता ही हरणे तिथे टिकली ती याच लोकांमुळे. त्यामुळे भरपाईचे अर्ज वेळेत निघणे हा तिथे संवर्धनाचाच भाग मानला पाहिजे.

अंजनेरीवर मात्र दर्जाची मर्यादा उघड झाली. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून वर्षभर भाविक येतात. पावसाळ्यात पठार फुलांनी भरते. याच डोंगराचे नाव मिळालेले दुर्मीळ कंदीलपुष्प जगात मोजक्याच ठिकाणी उगवते. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. अशा डोंगरावर वरपर्यंत गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला आणि नंतर ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा. नाशिककरांनी दोन्हींना जोरदार विरोध केला.

प्रस्ताव येऊ कसा शकला, याचे उत्तर पुन्हा २००२ च्या दुरुस्तीत सापडते. सामुदायिक राखीव क्षेत्रात समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, असे कलम आहे. संवर्धन राखीवसाठी तसे कलम नाही. अभयारण्यात अधिवास नष्ट करण्यावर जी कडक बंदी आहे तीही इथे लागू केलेली नाही. उरते ती वनसंवर्धन कायद्याची परवानगी प्रक्रिया आणि लोकांचा विरोध. भाविकांना, विशेषतः वयस्कर माणसांना, वर जाता यावे ही मागणी रास्त आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. घरट्याच्या कड्यासमोर यंत्रे सुरू झाली आणि जोडी उडून गेली, तर तो हंगाम वाया जातो.

मोकळ्या प्रवेशाची दुसरी बाजूही गेल्या काही वर्षांत दिसू लागली आहे. पावसाळी शनिवार-रविवारी त्र्यंबक तालुक्यातल्या धबधब्यांवर आणि किल्ल्यांवर उसळणारी गर्दी, पठारावर तुडवली जाणारी फुले, ध्वनिक्षेपक, प्लास्टिक. भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या काळात गाड्यांच्या दिव्यांनी काय होते ते नाशिककरांनी पाहिलेले आहे. निसर्गफेरी नेणाऱ्या गटांनी स्वतःहून संख्या मर्यादित ठेवली, गावातला वाटाड्या बरोबर घेतला, त्याचे मानधन ठरवले. ही शिस्त त्या गटांची स्वतःची आहे. नियमाने ती कोणावर बांधलेली नाही.

२०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न आला. कुंभमेळ्यातल्या साधुग्रामासाठी ती काढण्याची सूचना निघाली आणि शहर रस्त्यावर उतरले. तपोवन कोणत्याही प्रकारचे राखीव क्षेत्र नाही. गेली काही दशके डोंगरांवर रोपे लावायला, पक्षी बघायला आणि जाळरेषा काढायला जाणाऱ्यांपैकी अनेकजण त्या झाडांखाली उभे होते. बोरगड, अंजनेरी, ममदापूर या तिन्ही ठिकाणच्या समित्यांचा सल्ला मात्र अजून सल्लाच आहे. सामुदायिक राखीवमधले जमीनवापराचे ते एक कलम संवर्धन राखीव क्षेत्रांनाही लागू करावे आणि समितीत ग्रामपंचायतींच्या जागा वाढवाव्यात, यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्ती लागेल.