गयालाल यांची आमदारकी गेलीच नव्हती

'आयाराम-गयाराम'वाले हरियाणाचे आमदार गयालाल, त्यांनी पक्ष बदलले म्हणून पक्षांतरबंदी कायद्याने त्यांची आमदारकी गेली, असं बरेच जण अजून फॉरवर्ड करतात. हे साफ चुकीचं आहे.

गोष्ट १९६७ची. हरियाणा नुकतंच वेगळं राज्य झालेलं, विधानसभेत ८१ जागा, काँग्रेसला ४८, तरी पक्षातलेच लोक फुटले आणि भगवत दयाल शर्मांचं सरकार पंधरा दिवसांतच पडलं. गयालाल हसनपूरमधून अपक्ष निवडून आलेले, मग काँग्रेसमध्ये गेले, तिथून विरोधकांच्या संयुक्त आघाडीत, परत काँग्रेसमध्ये आणि काही तासांत पुन्हा आघाडीत, तेव्हा आघाडीचे नेते राव बिरेंद्र सिंह त्यांना चंदीगडला पत्रकारांसमोर घेऊन आले आणि म्हणाले, गयाराम आता आयाराम झालेत.

पण एवढं होऊनही सभागृहात ते हसनपूरचेच आमदार राहिले, कारण तेव्हा असा कायदाच नव्हता! राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आली १९८५ला, ५२व्या घटनादुरुस्तीने. आज अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेला तरी अपात्र ठरू शकतो, म्हणजे गयालाल पहिल्याच उडीला अडकले असते.

आणि नोव्हेंबर १९६७मध्ये ती विधानसभाच बरखास्त झाली, राष्ट्रपती राजवट लागली, तेव्हा सगळ्यांचीच आमदारकी एकदम संपली, जे कुठेच हलले नव्हते त्यांचीसुद्धा.