खारा वारा आणि मेंदू: एका जुन्या समजाचा खुलासा

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: "गोव्यात समुद्राचा वारा हवा धुऊन काढतो, आणि धूर बाधलाच तर छातीला, मेंदूला नव्हे."

आधी वारा. दुपारी तो समुद्रावरून येतो, हे खरं. रात्री मात्र उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे मंद वाहतो. हिवाळ्यात पहाटेची गार हवा जमिनीलगत साचते. जानेवारीत परसात काजूचा, आंब्याचा पाचोळा पेटवला की धूर माडांच्या शेंड्यांखालीच पसरून राहतो, तो यामुळे. नेमके त्याच वेळी आपले आई-बाबा फिरायला निघतात, याची मला खरी काळजी वाटते.

आता मेंदू. धुरातले २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुप्फुसांत खोल जातात, दाह वाढवतात, रक्तवाहिन्या बिघडवतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही त्यातच आल्या. म्हणूनच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण कमी करता येण्याजोग्या गोष्टींत तज्ज्ञ आता हवेचं प्रदूषणही धरतात. अर्थात, कोणी विसरू लागलं की सगळा दोष धुराला देऊ नये. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं हीही त्याच यादीत आहेत, तेव्हा डॉक्टरांना दाखवावंच.

पडताळायला सोपं आहे. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे याच बारीक कणांचा, आकडा पहाटे ६ आणि दुपारी ३ वाजता बघा, आठवडाभर वहीत लिहा. भारतात २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. खिडकीच्या कठड्यावर बोटाला लागते ती जाड धूळ. पीएम २.५ चे कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.