पीडब्ल्यूएम : व्होल्टेज नव्हे, वेळ मोजा

ठाण्याहून वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली किंवा रबाळे स्थानकातून सुटते, तेव्हा डब्याखालून येणारा सूर टप्प्याटप्प्याने चढत जातो, हे रोजच्या प्रवाशांच्या कानांना चांगले परिचयाचे आहे. डब्याखालच्या इन्व्हर्टरमधील अर्धवाहक स्विच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मोटारींना वीज पुरवतात आणि त्या चालू-बंद होण्याचाच तो आवाज असतो. स्विचला पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढ्या दोनच अवस्था असतात. तरीही मोटारीला हवे तेवढे व्होल्टेज मिळते, कारण प्रत्येक पल्स किती वेळ टिकावी हे बदलले की सरासरी बदलते. या पद्धतीला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम म्हणतात. वागळे इस्टेटपासून महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीपर्यंत ज्या कारखान्यांत मोटारीचा ड्राइव्ह, हीटर किंवा एलईडीचे दिवे नियंत्रित होतात, तिथे हाच सिग्नल कोणत्या ना कोणत्या रूपात भेटतो.

एकदा चालू झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंतच्या काळापैकी, म्हणजे एका आवर्तनकाळापैकी, सिग्नल जितका वेळ चालू असतो, त्या टक्केवारीला ड्यूटी सायकल म्हणतात. 5 व्होल्टचा सिग्नल 40 टक्के ड्यूटी सायकलवर चालू असेल, तर डीसीवर ठेवलेला साधा मल्टिमीटर 2 व्होल्ट दाखवतो. पण स्थिर 2 व्होल्टच्या तारेवरही तो तेच दाखवील. सिग्नलमधली सारी माहिती व्होल्टेज नेमके कोणत्या क्षणी चढले आणि कोणत्या क्षणी उतरले यात असते आणि नेमकी तीच मीटर पुसून टाकतो. म्हणून अशा मोजणीसाठी संगणकाला जोडलेले, बाहेरचे सिग्नल मोजून त्याला आकडे देणारे डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड वापरतात. मात्र त्या कार्डाचे कोणते टोक वापरायचे, हा प्रश्न उरतोच.

बहुतेकांचा हात आधी अ‍ॅनालॉग इनपुटकडे, म्हणजे ठरावीक अंतराने व्होल्टेजचे नमुने घेणाऱ्या टोकाकडे जातो. समजा, सिग्नल 1,000 हर्ट्झचा आणि 34 टक्के ड्यूटी सायकलचा आहे आणि कार्ड सेकंदाला 10,000 नमुने घेते. एका आवर्तनात 10 नमुने येतात. त्यांपैकी कधी 3, तर कधी 4 ‘चालू’ भागात पडतात. म्हणजे उत्तर 30 किंवा 40 टक्के येईल, 34 कधीच नाही. सरासरी काढली की काम भागेल असे वाटते, पण सिग्नल देणारे यंत्र आणि कार्ड यांची घड्याळे जवळजवळ जुळलेली असतील, तर नमुने प्रत्येक आवर्तनात जवळजवळ त्याच जागी पडत राहतात. दोन घड्याळांत दशलक्षात 20 भागांचा फरक असेल, तर नमुन्यांची जागा सेकंदाला 20 मायक्रोसेकंद सरकते. परिणामी वाचन 3 सेकंद 30 टक्के, मग 2 सेकंद 40 टक्के असे झोके घेते. हे झोके पाहून माणूस निष्पाप कंट्रोलरचे स्क्रू उघडायला घेतो. नमुन्यांचा वेग मुद्दाम 9,973 सारखा आडनिडा ठेवला, तर नमुने भराभर सरकतात आणि सरासरी खरोखर 34 च्या जवळ येते. तरी ही पळवाटच म्हणायची.

सरळ मार्ग काउंटरचा आहे. कार्डावरील काउंटर व्होल्टेजचे आकडे घेत बसत नाही. सिग्नल चढल्यापासून उतरेपर्यंत आणि उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंत आतल्या घड्याळाचे किती ठोके पडले, एवढेच तो मोजतो. घड्याळ 80 मेगाहर्ट्झचे असेल, तर एक ठोका 12.5 नॅनोसेकंदांचा होतो. वरच्याच सिग्नलच्या एका आवर्तनात 80,000 ठोके बसतात, त्यांपैकी 27,200 ‘चालू’ भागात. एखादा ठोका इकडेतिकडे झाला, तरी ड्यूटी सायकल 0.00125 टक्क्यानेच चुकते. वारंवारिता 200 किलोहर्ट्झवर गेली, की आवर्तनात 400 च ठोके उरतात आणि तीच चूक 0.25 टक्का होते.

काउंटरलाही खोडी आहेत. ड्यूटी सायकल 0 किंवा 100 टक्के झाली, की चढ-उतारच थांबतात आणि काउंटर न येणाऱ्या कडेची वाट पाहत बसतो. अशा वेळी ठरवलेली वाट पाहण्याची मुदत संपताच (टाइमआउट) पिनची पातळी वाचून ड्यूटी सायकल 0 आहे की 100 ते ठरवावे लागते. 415 व्होल्टच्या तीन-फेज ड्राइव्हमध्ये आतली डीसी पातळी सुमारे 587 व्होल्ट असते, त्यामुळे त्याचा सिग्नल थेट कार्डाला जोडणे म्हणजे कार्डाला मूठमाती देणेच होय. मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोहोचवणारा भाग लागतो. परंतु ऑप्टोकपलर चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखाच वेळ घेत नाही. समजा, चालू व्हायला 3 आणि बंद व्हायला 8 मायक्रोसेकंद लागले, तर प्रत्येक पल्स 5 मायक्रोसेकंदांनी रुंद दिसते. 10 किलोहर्ट्झवर, जिथे आवर्तनच 100 मायक्रोसेकंदांचे असते, ड्यूटी सायकल सरळ 5 टक्क्यांनी फुगते. अशा वेळी 12.5 नॅनोसेकंदांचे कौतुक काय कामाचे? वेगवान आयसोलेटर घेणे किंवा दोन्ही विलंब मोजून ते वजा करणे, हाच उपाय.

पीडब्ल्यूएम निर्माण करतानाही हाच हिशेब उलट्या बाजूने येतो. काउंटरला ‘इतके ठोके चालू, इतके बंद’ असे सांगितले, की तो संगणकाची मदत न घेता सिग्नल देत राहतो. हे काम प्रोग्रॅममधून पिन चालू-बंद करून करू नये. छंदी लोकांच्या सर्व्हो मोटारीला, म्हणजे पल्सच्या रुंदीनुसार दांडा ठरावीक कोनात वळवणाऱ्या मोटारीला, 20 मिलिसेकंदांच्या आवर्तनात 1 ते 2 मिलिसेकंदांची पल्स लागते. विंडोजने दुसरे काही करताना 1 मिलिसेकंद उशीर केला, तरी सर्व्होचा दांडा एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे धावू लागतो. वेग आणि बारकावा यांत मात्र तडजोड करावी लागते. आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या 16 मेगाहर्ट्झ घड्याळातून ड्यूटी सायकलच्या 256 पायऱ्या हव्या असतील, तर वारंवारिता जास्तीत जास्त 62.5 किलोहर्ट्झ मिळते; 1,024 पायऱ्या मागितल्या, तर ती 15.625 किलोहर्ट्झवर येते आणि तरुण कानांना मोटारीची शिट्टी ऐकू येऊ लागते. चालू असतानाच ड्यूटी सायकल बदलायची असेल, तर नवा आकडा आवर्तन संपल्यावरच लागू व्हावा, नाहीतर मध्येच एखादी तुटकी पल्स निसटते.

तयार झालेला सिग्नल तपासण्यासाठी त्याच कार्डाचे आउटपुट त्याच्याच दुसऱ्या काउंटरला जोडण्याची पद्धत सोयीची आहे, पण तिची मर्यादा ओळखावी. दोन्ही काउंटर घड्याळाचे ठोके देणाऱ्या एकाच स्फटिकावर चालतात. ते घड्याळ दशलक्षात 50 भागांनी चुकत असले, तरी निर्मिती आणि मोजणी दोन्ही सारखीच चुकतात आणि वारंवारिता बिनचूक दिसते. तिच्या पडताळणीसाठी वेगळ्या घड्याळाचे दुसरे उपकरण हवे. ड्यूटी सायकल मात्र ठोक्यांचे गुणोत्तर असल्याने घड्याळाची ती चूक अंश आणि छेद दोन्हीकडून गळून पडते.