गुठळी कारण की परिणाम? हृदयविकाराच्या झटक्यामागील विकृतिशास्त्राची पार्श्वभूमी

हृदयविकाराचा झटका म्हणजे करोनरी धमनीत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) अडकलेली रक्ताची गुठळी, हे आज सर्वमान्य असले, तरी ही गुठळी झटक्याचे कारण की परिणाम, यावर विकृतिशास्त्रज्ञांमध्ये, म्हणजे रोगामुळे शरीरात होणारे बदल अभ्यासणाऱ्यांमध्ये, १९८० पर्यंत तीव्र मतभेद होते.

चालताना, विशेषतः चढावर, छातीत उठणारी आणि थांबताच शमणारी वेदना विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये लंडनमध्ये नेमकेपणाने वर्णिली. मात्र तिचे मूळ त्यांना उमगले नव्हते. ते करोनरी धमन्यांत असावे, असा संशय एडवर्ड जेनर यांना आला होता. परंतु त्यांचे गुरू जॉन हंटर यांनाच हा विकार असल्याने जेनर यांनी आपला संशय जाहीर करणे टाळले. हंटर १७९३ मध्ये वारले, तेव्हा शवविच्छेदनात त्यांच्या करोनरी धमन्या कडक झालेल्या आढळल्या.

धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या मेदाचा उलगडा पुढे निकोलाय अनिच्कोव्ह यांच्या प्रयोगांनी झाला. सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातल्यावर त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार होतात, हे त्यांनी १९१३ मध्ये दाखवले. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, शिकागोचे जेम्स हेरिक यांनी करोनरी धमनी अचानक बंद झाली तरी रुग्ण वाचू शकतो, असे मांडले. तोवर ही घटना प्राणघातकच मानली जाई.

खरा पेच मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावरच निर्माण झाला. झटक्यानंतर काही वेळातच दगावलेल्यांच्या धमन्यांत गुठळी अनेकदा सापडत नसे, तर काही दिवस जगलेल्यांत ती अधिक वेळा सापडे; त्यामुळे स्नायू आधी मरतो आणि गुठळी मागाहून होते, असा निष्कर्ष काही नामवंतांनी काढला. तो तर्कशुद्ध होता, पण त्याचा आधार केवळ मृतांपुरता होता, आणि गुठळी विरघळवण्याच्या उपचाराबद्दलच्या साशंकतेला त्याने बळ दिले, हे मला या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण वाटते.

मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांची, तीही झटका चालू असतानाच, अँजिओग्राफी करण्याचे धाडस केले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ पैकी ११० रुग्णांची धमनी पूर्ण बंद होती, तर बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आले होते. म्हणजे गुठळी आधीच होती आणि काहींच्या बाबतीत ती आपोआप विरघळत होती. १९८६ मध्ये इटलीतील सुमारे बारा हजार रुग्णांवरील चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध लवकर दिल्यास मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले.

गुठळी होते कशी, याचे उत्तर मायकेल डेव्हिस आदींच्या सूक्ष्म अभ्यासातून मिळाले: मेदाच्या साठ्यावरचे तंतुमय आवरण पातळ होऊन फाटते आणि आतील द्रव्याशी संपर्क येताच रक्त गोठते. अशी फाटणारी जागा झटक्यापूर्वी फारशी अरुंद असतेच असे नाही. काही रुग्णांत तर आवरण मुळी फाटतच नाही; केवळ वरचे अस्तर झिजते आणि तरीही गुठळी धरते.